बाराचा भोंगा

आमच्या वाद्यवृंदाचा सूर जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वाद्यवृंदाशी जुळत नाही, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. सांगणारे, आमची तालीम ऐकायला आलेले, पुण्याचे एक पाहुणे होते. ते ओबो वाजवतात. ओबो म्हणजे सनईची परदेशातली चुलत बहीण. आवाज तसाच नाकातला, पण जरा सभ्य. त्यांनी एक सूर धरला, आमच्या व्हायोलिनांच्या तारा ऐकल्या, पुन्हा सूर धरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमचे सगळेच उतरलेले आहेत. पण गंमत म्हणजे सगळे सारखेच उतरलेले आहेत. हे कसं काय?"

मी म्हटलं, "कारखान्यामुळे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी शाळेत गणित शिकवते, चेष्टा मला फारशी जमत नाही.

श्रीरामपूरपासून सात-आठ मैलांवर कालव्याच्या कडेला आमचं गाव. तिथे साखर कारखाना होता. माझे पप्पा त्या कारखान्यात बॉयलरवर होते आणि पाळी बदलताना भोंग्याची साखळी ओढायचं काम त्यांच्याकडे होतं. रविवारी ते चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत. मायदेशी परत गेलेल्या एका मिशनरी बाईंनी मागे ठेवलेल्या पेटाऱ्यात त्यांना सहा व्हायोलिनं, एक चेलो आणि एका सिंफनीचे, म्हणजे अनेक भागांत वाजवायच्या लांबलचक रचनेचे, कागद सापडले. चेलो म्हणजे माणसाएवढं थोराड व्हायोलिन, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं. सिंफनीचे बाकीचे भाग वाळवीनं खाल्ले होते, दुसरा तेवढा शिल्लक होता. त्या दुसऱ्या भागावर पप्पांनी वाद्यवृंद उभा केला. गावात आर्केस्ट्रा म्हटलं की लोक सिनेमाची गाणी मागत, आणि पप्पा प्रत्येकाला न चिडता सांगत, "तो आर्केस्ट्रा येगळा, हा येगळा." चाळीस वर्षं आम्ही तो दुसरा भाग आणि उपासनेतली गीतं वाजवत आलो. बाकीचे भाग कसे असतील ते आम्हाला ठाऊक नाही.

सूर लावायला आमच्याकडे काही नव्हतं. चर्चच्या पेटीचे भाते उंदरांनी कुरतडलेले, आणि वाजवणारे राहायला चार दिशांना: कोणी कारखान्याच्या चाळीत, कोणी मळ्यात, कोणी कालव्यापलीकडच्या वाडीवर. मग पप्पांनी ठरवलं की सूर भोंग्याला लावायचा. गळिताचा हंगाम चालू असला की दुपारी बाराला पाळी सुटायची आणि भोंगा व्हायचा. ज्याला सुट्टी असेल त्यानं घरी व्हायोलिन घेऊन तयार बसायचं आणि भोंगा चालू आहे तोवर तार जुळवून घ्यायची. जो कामावर असेल त्याच्या बायकोनं जुळवायची. माझी आई तव्यावरची भाकरी उलटायची, हात पदराला पुसायची आणि खुंटी पिळायला घ्यायची. पप्पा तिकडे साखळी ओढत असत आणि आई इकडे त्यांचं व्हायोलिन लावत असे. तिला वाजवता कधीच आलं नाही, पण सुरात तिची चूक कोणी काढली नाही.

भोंग्याचा सूर काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या फटीत कुठेतरी होता. पेटीवर तो सापडायचाच नाही. हंगाम संपला, वाफ बंद झाली की पप्पा तोच सूर ओठ मिटून घशातून देत, आणि दिवाळीनंतर पुन्हा भोंगा सुरू झाला की तो पप्पांच्या सुराला तंतोतंत येऊन मिळे.

त्यांचा नियम एकच. भोंगा एकदाच. चुकला त्यानं त्या दिवशी वाजवायचं नाही.

मी बारा वर्षांची असताना, हंगाम बंद होता तेव्हा, एकदा कालव्यात पाय सोडून बसले आणि तालमीला उशीर झाला. सूर देऊन झाला होता. मी व्हायोलिन काढलं आणि म्हटलं, "पप्पा, परत एकदा द्या ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भोंगा एकदाच हुतो. उद्या ये." मी सगळी तालीम व्हायोलिन मांडीवर ठेवून, मान खाली घालून काढली. घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी पेरू चिरला, मीठ लावलं, फोडी पुढे केल्या. पण नियम म्हणजे नियम. मला त्यांचा राग आला होता आणि तो पुढे बरीच वर्षं पुरला.

कारखाना बंद पडला त्याला आता बराच काळ लोटला. चिमणी बरेच दिवस उभी होती, मग तीही उतरवली. दोन वर्षांपूर्वी उरलीसुरली यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा पप्पा मला म्हणाले, "भोंगा तेवढा आन. टेम्पो घेऊन जा. पितळी हाय, जड आसंल."

माझ्याकडे चाचणीचे पेपर तपासायला पडले होते. मी म्हटलं, "आणून ठेवायचा कुठे? मोरीत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभे. पाहुणा उतरवून घ्यायला थांबावं तसे. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटलं, "गेले होते पप्पा. आधीच नेला कोणीतरी."

मी गेलेच नव्हते. कारखान्याचा फाटा लागला तेव्हा गाडीचा वेगसुद्धा कमी केला नव्हता.

"बरं," पप्पा म्हणाले, आणि आत जाऊन शर्ट बदलला.

तीन आठवड्यांनी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली. मी कोण आहे हे त्यांना कळतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची, आणि रोज ठरवायची की आज सांगायचं. पप्पा, मी खोटं बोलले. एवढे चार शब्द. पण ते ऐकतील की नाही कोणास ठाऊक, आणि ऐकलं तर काय, या दोन्हींची भीती वाटून मी दरवेळी मूग गिळून बसायची. ते तसेच गेले तर ती थाप आमच्या दोघांमध्ये कायमची राहणार, या विचारानं मला झोप लागत नसे. मला त्यांच्याकडून काही नको होतं. फक्त मी सांगितलेलं त्यांना पोचलं, एवढं डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

मग हात सुरू झाला.

सुट्टीच्या दिवशी पप्पांपाशी बसून मी वह्या तपासत होते. त्यांचा उजवा हात, जो आठ महिने लाकडासारखा पडून होता, सावकाश वर गेला. खांद्याच्या वर. मूठ वळली, क्षणभर तशीच राहिली, आणि खाली ओढली गेली. मग पुन्हा लाकूड. मी घड्याळ पाहिलं तर बारा.

डॉक्टर म्हणाले, हा हात उचलला जाणं शक्य नाही, स्नायू कधीकधी उडतात. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बसून राहिले. बाराला हात वर गेला, मूठ वळली, ओढली. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं आणि खिडकीचा पडदा ओढला. घड्याळात बारा वाजले. काही नाही. मला जरा हायसं वाटलं. वीस मिनिटांनी, माझ्या मोबाईलवर बारा झाले तेव्हा, हात वर गेला.

मी घड्याळ पुन्हा नीट लावलं. गणितात ताळा जुळला की आनंद होतो. त्या दिवशी ताळा जुळला आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात चेलोवाल्या काकांचा फोन आला. ते कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता ऐंशीला टेकलेत. पप्पांचे सगळ्यांत जुने सोबती.

"भोंगा ऐकला का आज?"

"काका, भोंगा भंगारात गेला."

"ते मला ठावं हाय. ऐकला का, ते इचारतोय."

मी जरा तोडूनच बोलले. कानात मळ झाला असेल, डॉक्टरला दाखवा म्हटलं. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. ते 'बरं' अगदी पप्पांसारखं होतं.

पप्पा पडल्यापासून तालीम मी घेत होते; सूर आधी आठवणीनं लागायचा, पुण्याचे पाहुणे आल्यापासून मी तो मोबाईलवरून देत होते. मोबाईलमध्ये एक सोय असते. तार छेडली की काटा हलतो, मधोमध आला की सूर बरोबर. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांना त्या मधल्या रेघेवर चढवलं. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण चढवलं. पुढच्या तालमीला मी काकांचा चेलो मोबाईलसमोर धरला, तर काटा रेघेच्या डावीकडे. म्हटलं, हवा थंड-गरम झाली असेल. मग एक व्हायोलिन धरलं. काटा डावीकडे, त्याच जागी. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. जुन्या सहाही वाजवणाऱ्यांच्या तारा उतरल्या होत्या, सगळ्या नेमक्या त्याच ठिकाणी. तरण्या पोरापोरींच्या मात्र चढवलेल्या होत्या तशाच होत्या. आणि त्या सहांपैकी एक बाई आता सोनईला मुलाकडे राहतात, तिथून बसनं येतात. सोनईपर्यंत भोंगा तर कारखाना जोरात चालू असतानाही कधी पोचला नव्हता.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही सूर कशाला लावला?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी वेडीच आहे. "बाराला लावला की," त्या म्हणाल्या.

मी सगळ्यांच्या तारा पुन्हा रेघेवर चढवल्या आणि तालीम घेतली. घरी जाताना फाट्यावरून नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं गेले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण ज्या वस्तूच्या बाबतीत आपण खोटं बोललो ती वस्तू गावभर ऐकू येते आणि आपल्याला मात्र नाही, याची भीती भुताच्या भीतीपेक्षा वाईट असते.

पैसे उभे करायला जेवण ठेवायची कल्पना पुण्याच्या पाहुण्यांची. चेलोची मान दुरुस्त करायची होती, तारा आणायच्या होत्या, आणि महिन्यातून एक रविवार त्यांनी येऊन मुलांना शिकवायचं ठरत होतं. ते म्हणाले, मोठ्या शहरांत सिंफनीसाठी असंच करतात. चांगलं जेवण, बरोबर चांगली वाइन, लोक खुशीनं तिकीट घेतात. चर्चच्या मंडळींची बैठक झाली. 'वाइन' म्हटल्याबरोबर दोन वडीलधारे उठून उभे राहिले. मग सोनईच्या बाईंनी सुचवलं की तिकिटावर 'द्राक्षारस' छापा, तो शास्त्रात आहे. वडीलधारे खाली बसले. विकायचा नाही, घरचा केलेला पाहुणचार म्हणून द्यायचा, असं ठरलं.

आमच्याकडे नाताळासाठी घरोघर द्राक्षारस होतोच. गेल्या हंगामातली द्राक्षं, साखर, थोडे गहू, आणि चिनी मातीची बरणी फडकं बांधून कोपऱ्यात. पप्पांच्या शेवटच्या दोन बरण्या अजून तालमीच्या खोलीत, व्हायोलिनांच्या खाली होत्या. रस तालीम ऐकत मुरला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. मी त्या उघडल्या तेव्हा वास असा आला की मला मागे वळून बघावंसं वाटलं. काकांच्या सुनेचं माहेर अकोल्याचं, तिनं जांभळाचा आणला. तो इतका काळा होता की पेल्यात दिवा विझल्यासारखा वाटे. पाहुणे कशाबरोबर काय प्यावं ते सांगायला लागले. मटणाच्या सुक्याबरोबर जांभूळ, मासवडीबरोबर द्राक्ष, धरणातल्या तळलेल्या माशांबरोबर आणखी काही. आमच्या बायका हो हो म्हणत होत्या आणि ज्याच्या ताटात जे जाईल ते वाढत होत्या.

जानेवारीतला शेवटचा रविवार. चर्चच्या आवारात चिंचेखाली मांडव घातला. चिंचेखाली भर बाराला बसू नये असं आमच्याकडेही म्हणतात. बाप्तिस्मा घेऊन असल्या गोष्टी लगेच जात नाहीत. पाहुणे बाराला वाजवायला सुरुवात करू म्हणाले. मी म्हटलं, साडेबाराला. ते म्हणाले, का? मी म्हटलं, लोकांना आधी पोटभर जेवू दे. खरं कारण वेगळं होतं. बारा वाजता प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात भाकरी असावी, वाद्य नसावं, असा माझा हिशोब होता. साडेबाराला ओबो सूर देईल, सगळे रेघेवर येतील, आणि हा खेळ संपेल.

पप्पांना मी चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. टेबलाच्या टोकाला, माझ्या शेजारी. त्यांच्यासमोर ताट आणि त्यांच्याच बरणीतला एक पेला ठेवला होता, उगाच, मानाचा म्हणून. माझं व्हायोलिन माझ्या मागच्या खुर्चीवर होतं. श्रीरामपूरहून पुष्कळ लोक आले होते, नगरहूनही काही. माणसं खूश होती. कोणीतरी तिसऱ्यांदा जांभूळ मागत होतं. मी पप्पांना चमच्यानं रस्सा भरवत होते आणि मोबाईलकडे बघायचं टाळत होते.

आधी कावळे गप्प झाले. चिंचेवर सकाळपासून त्यांचा गलका होता, तो थांबला.

मग पप्पांसमोरच्या पेल्यातला रस थरथरला. टेबलाला कोणाचा धक्का लागला नव्हता. पेल्याच्या मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं, काठाला गेलं, दुसरं उठलं. मी शेजारच्या पेल्यात पाहिलं, तिथेही तेच. संबंध टेबलभर प्रत्येक पेल्यात वर्तुळं चालली होती आणि लोक जेवत होते.

पप्पांचा उजवा हात वर गेला.

समोरच्या टोकाला काकांनी हातातला घास ताटात ठेवला. पाण्यानं हात धुतला, पंच्याला पुसला आणि उठून चेलोपाशी गेले. सोनईच्या बाई उठल्या. बाकीचे चौघे उठले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सहाही जणांनी वाद्यं घेतली, माना तिरप्या केल्या, आणि डोळे मिटून खुंट्या पिळायला लागले. घाई करत होते. चालू आहे तोवर जुळवून घ्यायची घाई. ती घाई मी लहानपणापासून पाहिली होती.

आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

मी जीव कानात आणून ऐकत होते. वाटीवर चमचा, कोणाचं तरी हसणं, लांब रस्त्यावर टेम्पो. भोंगा नाही. तरणी पोरं माना वर करून म्हाताऱ्यांकडे बघत होती. पाहुणे माझ्याकडे वाकून म्हणाले, "हे कशाला सूर लावतायत? मी अजून दिलाच नाही."

काकांनी तिकडून हाक मारली, "आगं घे की! चाललाय. नंतर न्हाई भेटायचा."

मी व्हायोलिन उचललं. तार छेडली. जुळवायची कशाशी? मला काहीच ऐकू येत नव्हतं. पप्पांची मूठ हवेत घट्ट होती, आणि मग ती सुटली. हात मांडीवर पडला. पेल्यातलं शेवटचं वर्तुळ काठाला जाऊन विरलं. सहा वाद्यांचे गज एकदम खाली आले. सगळ्यांचा सूर लागला होता. माझं व्हायोलिन मांडीवर, मान खाली. बारा वर्षांची मी आणि एक्कावन्न वर्षांची मी, दोघी अगदी तशाच बसलो होतो.

मला रडू आलं. लोकांदेखत, वाढप चालू असताना, गणिताच्या बाईंना. मी पप्पांच्या कानाशी वाकले.

"पप्पा, मी गेले नव्हते. भोंगा आणायला मी गेलेच नव्हते. टेम्पोसुद्धा सांगितला नव्हता. तुमच्याशी खोटं बोलले. तो तिथेच होता, आणि मी आणला नाही."

ते चिंचेच्या बुंध्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. हेही भिंतीला सांगितल्यासारखंच झालं. मी मागे सरणार तेवढ्यात त्यांची नजर हलली. दीड वर्ष जी नजर समोर सोडून कुठे गेली नव्हती ती सावकाश वळत माझ्या तोंडावर आली आणि तिथे थांबली. त्यांनी मला पाहिलं. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

माझ्यावरून नजर न काढता त्यांनी तो मेलेला हात पुन्हा उचलला. खांद्याच्या वर. मूठ वळली. ओढली.

आधी तो पायांना कळला, जमिनीतून. मग टेबलाच्या लाकडातून कोपरांना. मग उसाच्या फडांवरून, जिथे चिमणी होती त्या बाजूनं, तो आला. काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या त्या फटीतून. मी पप्पांच्या ओठांकडे नीट पाहिलं, सवयीनं, ताळा करून पाहावा म्हणून. ओठ मिटलेले होते. घसा हलत नव्हता. खुंटी दोनदा निसटली, आणि भोंगा चालूच राहिला. माझी तार त्याला येऊन मिळाली, वाजते आहे ती तार की भोंगा हे मला वेगळं सांगता येईना, आणि तेव्हाच तो थांबला.

पप्पांचा हात मांडीवर आला. नजर पुन्हा चिंचेकडे गेली.

पाहुणे माशाचा काटा काढत होते. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. श्रीरामपूरच्या मंडळींनी काही ऐकलं नव्हतं. वाढणाऱ्या बायका भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढच्या पंक्तीला गेल्या, आणि चिंचेवर कावळे पुन्हा ओरडायला लागले. मी तार हळूच छेडली. ती जुळलेली होती.

काका चेलो भिंतीला टेकवून काठी टेकत माझ्यापाशी आले. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. पप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज दोनदा झाला," ते म्हणाले. "चाळीस वर्सांत तुझ्या बापानं कदी दोनदा वाजवला न्हाई. आन् आज कसा काय?"

मी म्हटलं, "काका, मला पहिल्यांदा ऐकू आला नव्हता."